अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या फ्रॅटर्निटी वेगळ्या का?

‘कृष्णवर्णीय विद्यार्थी स्वतःच वेगळ्या फ्रॅटर्निटी-सोरोरिटी काढतात, मग हा उलटा भेदभाव नाही का?’ असं तुम्ही विचारलंय. (फ्रॅटर्निटी म्हणजे कॉलेजातल्या मुलांची आणि सोरोरिटी म्हणजे मुलींची, सदस्य निवडून घेणारी संघटना.) एम.एस.साठी अमेरिकेत गेलो तेव्हा मलाही असंच वाटलं होतं. अशाच एका सोरोरिटीच्या गुलाबी-हिरव्या कपड्यांतल्या मुली कॅम्पसवर रांगेत, एका तालात पावलं टाकत होत्या. मला तर आपलं लेझीमच आठवलं.

मुळात दार आधी दुसऱ्यांनी लावलं होतं. कॉर्नेल विद्यापीठात १९०४-०५ साली शिकणारे सहा कृष्णवर्णीय विद्यार्थी पुढच्या वर्षी परतलेच नाहीत. गोऱ्यांच्या फ्रॅटर्निटीत त्यांना प्रवेश नव्हता. मागे राहिलेल्यांनी आधी एकत्र बसून अभ्यास सुरू केला, आणि ४ डिसेंबर १९०६ रोजी सात जणांनी अल्फा फाय अल्फा स्थापन केली.

पण एवढ्यानं उत्तर पुरत नाही. कृष्णवर्णीयांच्या ज्या नऊ प्रमुख फ्रॅटर्निटी-सोरोरिटींना आज ‘डिव्हाइन नाइन’ म्हणतात, त्यांपैकी पाच संस्था वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात जन्मल्या, आणि तिथे तर बहुतेक विद्यार्थी कृष्णवर्णीयच होते! म्हणजे आपलं काहीतरी उभारायची ओढही होतीच. मुलींची पहिली संस्था, अल्फा काप्पा अल्फा, तिथलीच, १९०८ची. पाच वर्षांत तिच्यात फूट पडली (फुटीचा मक्ता काही एकट्या आपल्याकडे नाही). नाव बदलावं, कॉलेजबाहेरच्या प्रश्नांत उतरावं असं म्हणणाऱ्या २२ जणींनी १३ जानेवारी १९१३ला डेल्टा सिग्मा थीटा काढली आणि सातच आठवड्यांनी, ३ मार्चला, त्या वॉशिंग्टनमधल्या स्त्रियांच्या मताधिकार मोर्चात चालल्या. त्या मोर्चात कृष्णवर्णीय बायकांनी मागे चालावं, असा आयोजकांचा आग्रह होता.

जुनी संस्था, अल्फा काप्पा अल्फाही, मागे राहिली नाही. १९३५मध्ये डॉ. डोरोथी फेरेबी यांच्या नेतृत्वाखाली तिच्या सदस्या मिसिसिपीत दवाखाना चालवायला गेल्या. मळेवाले मजुरांना तिथे येऊ देईनात, तेव्हा त्यांनी औषधं-लशी मोटारींत भरून दवाखानाच मळ्यांवर नेला. मला हा प्रसंग सगळ्यात आवडतो.

डिग्री मिळाली तरी सदस्यत्व सुटत नाही, पदवीधरांच्या वेगळ्या शाखा असतात. मार्टिन ल्यूथर किंग अल्फाचे, कमला हॅरिस अल्फा काप्पा अल्फाच्या.

सगळं गोडच आहे असं नाही. नव्या मुलांना मारहाण, छळ हे प्रकार इतके वाढले की १९९०मध्ये या संस्थांनी प्रवेशाची जुनी पद्धतच बंद केली. चोरून ते तरीही चालतं.

आणि तुमच्या मूळ शंकेबद्दल: अल्फा फाय अल्फा १९४५पासून सर्व वंशांच्या विद्यार्थ्यांना खुली आहे.