डायलिसिस सुरू झाल्यावर प्रोटीन पावडर द्यावी का? इतके दिवस तर डॉक्टर प्रोटीन कमी करा म्हणत होते

तुमचा प्रश्न वाचून हसूच आलं, कारण चार वर्षांपूर्वी मीही अगदी हाच घोळ घातला होता. बाबांचं हिमोडायलिसिस सुरू होऊन महिना झालाय, आठवड्यातून तीनदा, वजन ६० किलो, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) ३.१, दोन वर्षं प्रोटीन तोडा म्हणणारे डॉक्टर आता वाढवा म्हणतायत, आणि धाकट्या भावाचा जिमचा डबा घरात पडलाय तो चालेल का, असं तुम्ही विचारलंय. तो डबा आधी बाजूला ठेवा, मग बाकीचं बोलू. मी डॉक्टर नाही, आठवड्यातून तीन दिवस मशीनला लागणारा पेशंट आहे, त्यामुळे हे सगळं त्या अंगाने वाचा.

डॉक्टर फिरले नाहीयेत, बाबांची स्टेज बदललीय. किडनी थोडीफार चालू असते तेव्हा प्रोटीनमधून तयार होणारी युरियासारखी घाण तिलाच बाहेर टाकायची असते म्हणून प्रोटीनला कात्री लावतात. आता ते काम मशीन करतं, पण मशीनला चांगलं वाईट कुठे कळतं, घाणीबरोबर अमिनो अॅसिडही वाहून जातात, एका सेशनला साधारण ६ ते १२ ग्रॅम. (पोटाचं डायलिसिस असेल तर रोजच ५ ते १५ ग्रॅम प्रोटीन जातं आणि पोटात इन्फेक्शन झालं की अजून जास्त.) म्हणून डायलिसिसवर किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन सांगतात, म्हणजे बाबांना ६० ते ७२ ग्रॅम. यात वजन ड्राय वेट धरायचं हं, अंगावर चढलेलं पाणी धरून नाही.

आता पावडर. दोन-तीन दिवस बाबा खरंच काय खातात ते लिहून काढा, ताटात वाढलेलं नाही, पोटात गेलेलं. समजा ४५ ग्रॅम भरलं तर कमी पडतायत १५ ते २७, तेवढंच भरून काढायचंय. अंड चालत असेल तर निम्मं काम पांढऱ्या भागातच होतं, एका अंड्याच्या पांढऱ्यात साडेतीन ग्रॅमच्या आसपास प्रोटीन आणि फॉस्फरस (जो आपल्याला वाढू द्यायचा नसतो) जवळजवळ नाहीच, तो सगळा पिवळ्यात असतो. पण मला विचाराल तर डायलिसिसवाल्याला रोज चार अंडी खा म्हणणं सोपं आहे, तोंडाला ती धातूची चव आली की अंड्याचा नुसता वास नको होतो, तेव्हा पावडरच कामी येते.

जिमच्या डब्याला नको का म्हटलं ते सांगतो. सुरुवातीला मी पुतण्याचा डबा वापरला, प्रोटीन ते प्रोटीन असं म्हणून, आणि वर दुधात ढवळून घ्यायचो, कारण पाण्यात ते अगदीच खडूसारखं लागायचं. महिन्याभरात रक्तातला फॉस्फरस ५.१ वरून ७.२ वर गेला, आणि रात्री पाठ अशी खाजायची की फणी घेऊन बसायचो. डाएटिशियन मॅडमनी डबा मागवला, उलटा केला आणि मागच्या बारीक अक्षरांवर पेन ठेवून एकेक नाव वाचत गेल्या: डायपोटॅशियम फॉस्फेट, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट. म्हणजे पोटॅशियम आणि फॉस्फरस दोन्ही वरून घातलेले. असा वरून घातलेला फॉस्फेट शरीर जवळपास सगळा शोषून घेतं, डाळींमधला निम्म्याच्या आतबाहेर शोषला जातो. शिवाय दूध, एका ग्लासात २०० मिलिग्रॅमच्या जवळपास फॉस्फरस, तो मी फुकटात घेत होतो. काही डब्यांत क्रिएटिनसुद्धा (जिमवाले ताकदीसाठी घेतात ते) असतं, ते आपल्याला कशाला हवंय.

तर डब्यावर डायलिसिसच्या पेशंटसाठी असं लिहिलेलं बघा. इथे एक गंमत आहे, किडनीच्या पेशंटसाठी म्हणून जे डबे मिळतात त्यात दोन प्रकार असतात, डायलिसिसच्या आधीचे कमी प्रोटीनवाले आणि डायलिसिसचे जास्त प्रोटीनवाले, आणि डबे दिसायला भाऊ-भाऊ. बाबांचा जुना डबा उरला असेल तर तो आता चालवू नका. साधं व्हे आयसोलेट (दुधातून वेगळं काढलेलं प्रोटीन) पण काहींना देतात, त्यातही मागचे आकडे वाचूनच. डायबिटीस असेल तर साखर आणि माल्टोडेक्स्ट्रिन (साखरेसारखंच शुगर वाढवणारं पीठ) किती आहे तेही बघा.

घ्यायची कशी, यात लोक जास्त चुकतात. ज्या पाण्यात ढवळाल ते दिवसाच्या पाण्याच्या कोट्यातून वजा करायचं, मी १०० मिलीत घट्ट करून गार पितो, गार असलं की वास कमी येतो. डॉक्टरांनी खाण्यातला फॉस्फरस अडवणारी गोळी जेवणाबरोबर दिली असेल तर पावडरबरोबर पण लागेल का ते विचारा. मशीनवर असताना प्यायलेलं चांगलं असं म्हणतात आणि बऱ्याच जणांना ते मानवतं, पण माझं बीपी तिसऱ्या तासाला ९० पर्यंत खाली आलं आणि सिस्टरनी माझ्या हातातला शेकर काढूनच घेतला, तेव्हापासून मी सुया निघाल्यावर, तासाभराने घेतो. आणि पोटभर जेवण नसेल तर प्रोटीनचा उपयोग नाही, शरीर तेच जाळून टाकतं, म्हणून किलोमागे २५ ते ३५ कॅलरी जातायत का तेही मोजा.

अल्ब्युमिन पंधरा दिवसांत वर येईल असं धरू नका, मला तीन महिने लागले. आणि ते नुसतं खाण्यावर नसतं, मानेतल्या कॅथेटरला (डायलिसिसच्या नळीला) इन्फेक्शन असेल, दात सडलेला असेल, अंगात कुठेही सूज असेल तर कितीही पावडर घाला, आकडा हलत नाही. रक्तात अॅसिड वाढलेलं असलं तरी स्नायू झिजतात, त्यासाठी बायकार्बोनेट बघतात, २२ च्या खाली नको असतं. बाबांचा फॉस्फरस, पोटॅशियम आणि बायकार्ब किती आहे ते तुम्ही लिहिलं नाहीये, पुढच्या सेशनला ते तीन आकडे आणि डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो डाएटिशियनना दाखवा, आणि मगच डबा उघडा.