‘सेटल्ड’ हा शेरा पुसता येतो का?

प्रश्न : ताई, इचलकरंजीत माझे आठ माग होते. २०२०च्या लॉकडाऊनात बंद पडले ते पुन्हा नीट सुरू झालेच नाहीत. साडेसात लाखांचं कर्ज थकलं. ऑगस्ट २०२२मध्ये चार माग भंगारात घातले, ५ लाख १० हजार भरून बँकेशी एकरकमी तडजोड केली, उरलेले २ लाख ४० हजार बँकेनं सोडले. मेहुणा जामीन होता. आता मुलीला पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय, पण शैक्षणिक कर्ज नाकारलं. माझा सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवरचे गुण, ५६१च आहे. मागांच्या कर्जापुढे ‘सेटल्ड’ लिहिलंय. २०१९ला फेडलेल्या मोटारसायकलच्या कर्जावरही ११८० रुपये थकीत दाखवतात, पण ते किरकोळ आहे. एक एजंट १५ हजारांत सगळं पुसून देतो म्हणतो. गल्लीत तर मी दिवाळं काढल्याचीच चर्चा. मी दिवाळखोर ठरलो का?
— एक मागवाला, इचलकरंजी

उत्तर : नाही. दिवाळखोर कोर्टानं ठरवावा लागतो, आणि तुम्ही कोर्टाची पायरी चढलाच नाहीत. गल्लीचं सोडा.

पण बँकेच्या लेखी तुम्ही २ लाख ४० हजार कमी दिलेत. ‘सेटल्ड’चा अर्थ एवढाच. मी ३१ वर्षं बँकेत होते, त्यातली शेवटची सात वसुलीला. लोक अदालतीत तडजोडीच्या कागदावर सह्या घेताना या शेऱ्याबद्दल मी कुणाला आपणहून सांगितल्याचं आठवत नाही. मार्चअखेर डोक्यावर असायची. तेव्हा तुम्हालाही कुणी सांगितलं नसणार.

आता ते ‘किरकोळ’ ११८० रुपये. दादा, सुरुवात तिथूनच करा. थकबाकी ११८० असो की लाखाची, कर्ज देणारा आधी खातं थकलंय की नाही ते बघतो. बहुधा एखाद्या परत गेलेल्या चेकचा दंड आणि त्यावरचं व्याज असेल. मोटारसायकलचं ना-देय प्रमाणपत्र घरात शोधा. आरसी बुकावरचा बोजा उतरवताना घेतलेल्या कागदांत सापडेल. ते जोडून सिबिलच्या साइटवर तक्रार नोंदवा, पैसे पडत नाहीत. सिबिल स्वतःहून आकडा बदलत नाही, कर्ज देणाऱ्याला विचारतो. म्हणून मोटारसायकलचं कर्ज देणाऱ्या कंपनीलाही लेखी कळवा आणि पोच घ्या. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला त्यांना तुम्हाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते; एप्रिल २०२४पासून रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. आणि हो, सिबिलसारख्या आणखी तीन कंपन्या आहेत : एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चारही काढा. आपला आपण रिपोर्ट बघितल्यानं स्कोअर कमी होत नाही. चार बँकांत एकदम अर्ज टाकल्यानं मात्र होतो.

‘सेटल्ड’ खरा आहे, त्यामुळे तक्रार करून तो जाणार नाही. एजंटही तुमच्यासारखीच तक्रार टाकणार, वर १५ हजार घेणार. त्याला पॅनची प्रत किंवा ओटीपी दिला असेल, तर पासवर्ड आजच बदला. शेरा बदलायचा एकच सरळ मार्ग : सोडलेली रक्कम भरायची तयारी दाखवायची आणि खातं ‘क्लोज्ड’, म्हणजे पूर्ण फिटलेलं, असं नोंदवणार का, हे बँकेकडून आधी लिहून घ्यायचं. पण मुलगी शिकायला निघालेली असताना २ लाख ४० हजार त्या एका शब्दासाठी घालू नका, असंच मी सांगेन. ते पैसे फीला लागतील.

त्यापेक्षा २५ हजारांची मुदत ठेव ठेवा आणि तिच्यावर क्रेडिट कार्ड घ्या. ठेव तारण असल्यानं स्कोअरची फारशी अडचण येत नाही. किराणा आणि लाइटबिल मिळून महिन्याला पाच-सहा हजार त्यावर करा आणि पूर्ण बिल तारखेआधी भरा. ‘किमान रक्कम’ भरून भागतं असं बिलावर दिसेल, तिकडे बघूही नका. फरक दिसायला वर्षभर तरी लागेल. गावच्या पतसंस्थेचं कर्ज इमानानं फेडून स्कोअर वाढेल असं धरून चालू नका. ती संस्था सिबिलला माहिती कळवते का, ते आधी विचारा.

मुलीच्या कर्जाला एवढं थांबता येणार नाही. सहकर्जदार वडीलच हवेत असं नाही, आई चालते. वहिनींचा रिपोर्ट काढा. त्यांच्या नावावर जुनं काही थकलेलं नसेल, तर त्यांना पुढे करून दुसऱ्या एकाच बँकेत अर्ज करा. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सरकारी हमी योजनेत तारण लागत नाही, हे शाखेत आवर्जून विचारा.

राहिले मेहुणे. जामीन राहिल्यामुळे मागांचं कर्ज त्यांच्याही रिपोर्टात दिसतं. ते घरासाठी कर्ज काढायला जातील आणि काउंटरवर त्यांना हे कळेल, त्याआधी तुम्हीच जाऊन सांगा. जाताना तडजोडीच्या पत्राची प्रत न्या, त्यांना ती बँकेत दाखवावी लागेल.