पुण्यातल्या दिवाणी निकालावर अपील कुठे करायचं: शिवाजीनगर, मुंबई की कोल्हापूर?

कोल्हापूर आधी बाजूला ठेवा. 18 ऑगस्ट 2025 पासून तिथे उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) आहे खरं, पण त्याच्याकडे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहाच जिल्हे. पुण्याचं उच्च न्यायालय मुंबईलाच.

निकाल कोणी दिला ते बघा. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांचा असेल तर पहिलं अपील जिल्हा न्यायालयात, म्हणजे शिवाजीनगरलाच. वरिष्ठ स्तराचा असेल तर दाव्याच्या मूल्यांकनावर ठरतं: ठरावीक मर्यादेपर्यंत जिल्हा न्यायालय, त्यापुढे थेट मुंबई. भाडेकरू-मालक वादात लघुवाद न्यायालयाच्या निकालावर अपील जिल्हा न्यायालयातच. इतर दाव्यांत जिल्हा न्यायालयाच्या निकालावर दुसरं अपील उच्च न्यायालयात, पण तिथे कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न दाखवावा लागतो. साक्षीपुरावे पुन्हा तोलून मिळत नाहीत.

बहुतेक लोक अडकतात ते मुदतीत. जिल्हा न्यायालयासाठी 30 दिवस, उच्च न्यायालयासाठी 90, निकालाच्या तारखेपासून. निकालाच्या प्रमाणित नकलेसाठी (न्यायालयाच्या शिक्क्याच्या प्रतीसाठी) लागलेले दिवस वगळतात, पण अर्ज केल्यापासून नक्कल तयार होईपर्यंतचेच. तयार नक्कल तुम्ही आठवडाभर नेलीच नाही, तर तो आठवडा तुमच्या खात्यात. म्हणून निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज टाका. उशीर झालाच तर विलंबमाफीचा अर्ज, तोही सबळ कारणासह.

आणि नुसतं अपील दाखल केल्याने हुकूमनाम्याची (निकालातल्या आदेशाची) अंमलबजावणी थांबत नाही. स्थगितीचा अर्ज वेगळा द्या. पैशाच्या दाव्यात न्यायालय बहुधा रक्कम भरायला किंवा तारण द्यायला सांगतं.