वाचकांचे प्रश्न : गेज साडेसोळा दाखवतंय, रिंगा गेल्या का?

प्रश्न : माझी पेट्रोल गाडी ८५ हजार किलोमीटर चालली आहे. आयडलला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता, व्हॅक्यूम गेजची सुई साडेसोळा इंचावर स्थिर राहते. गेजसोबतच्या कागदावर १८ ते २१ हवं असं छापलंय. मेकॅनिक म्हणतो, पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन खोलावं लागेल. खोलू का?
– एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : निदान या आकड्यावरून तरी खोलू नका. इंजिन हवा ओढतं तेव्हा मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत) किती व्हॅक्यूम होतो, ते हे गेज पाऱ्याच्या इंचांत दाखवतं. कागदावरचे इंच समुद्रसपाटीचे आहेत. दर हजार फूट उंचीला साधारण एक इंच कमी धरायचा, आणि नाशिक आहे जवळपास दोन हजार फुटांवर. म्हणजे इथे १६ ते १९ हे तब्येत चांगली असल्याचं लक्षण. तुमचीच गाडी मुंबईत नेऊन गेज लावा, साडेअठराच्या आसपास दिसेल.

आधी जोडणी बघा. गेज थ्रॉटलच्या (हवा आत सोडणाऱ्या झडपेच्या) पुढे, मॅनिफोल्डवरच्या नळीला टी-जॉइंटने लावायचं. ब्रेक बूस्टरच्या नळीवर लावत असाल तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या (हवा एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेच्या) इंजिनाकडच्या बाजूला. टी ढिला असेल तर तिथूनच हवा शिरते आणि नसलेला आजार दिसतो. इंजिन पूर्ण गरम, एसी बंद, हँडब्रेक ओढलेला, गाडी न्यूट्रलला.

रिंगांची शंका फेडायची तर अ‍ॅक्सिलरेटर झटक्यात दाबा, आरपीएम अडीच हजारांवर गेले की एकदम सोडा. सुई आधी शून्याजवळ पडेल, सोडताच आयडलच्या आकड्याच्या चार-पाच इंच वर उडेल आणि मग जागेवर येईल. वर उडालीच नाही, तर रिंगांचा विचार करा. तोही कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडर किती दाब धरतो याची तपासणी, केल्यावर. सुई स्थिर पण १२-१३ वरच असती, तर आधी टायमिंग बेल्टचा दात सरकलाय का आणि कुठे हवा ओढतेय का, ते बघा म्हटलं असतं.

प्रश्न : सीएनजी किट लावलेली चार सिलिंडरची गाडी आयडलला थरथरते. सुई १७ वर असते, पण सारखी तीन-चार इंच खाली फडफडते. पेट्रोलवर टाकली तरी तेच. प्लग नवे आहेत.
– एक वाचक, सातपूर

उत्तर : पेट्रोलवरही तेच होतंय, म्हणजे गॅस किटवरचा संशय बराच कमी झाला. आता फडफड कशी आहे ते बघा. ८०० आरपीएमला एक सिलिंडर सेकंदाला सहा-सात वेळा फायर होतो. सुईचे झटके त्याच ठेक्यात, न चुकता येत असतील तर एकच सिलिंडर दगा देतोय. मध्येच येऊन मध्येच थांबत असतील तर अडकणारा व्हॉल्व्ह. शून्याच्या दिशेने मोठे हेलकावे खात असेल तर शेजारच्या दोन सिलिंडरांमधलं हेड गॅस्केट.

दोषी सिलिंडर शोधायला गाडी पेट्रोलवर ठेवून एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढा. कॉइल काढू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जातं. ज्याचा कनेक्टर काढल्याने आवाजात फरक पडत नाही, तो तुमचा. त्याचा प्लग आणि कॉइल शेजारी बदलून बघा. दोष तिथेच राहिला तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली फट, तपासा, थंड इंजिनावर, फीलर गेजने (फटीत सरकवायच्या मापाच्या पातळ पट्ट्यांनी).

सीएनजीच्या गाड्यांत आमचा पहिला संशय इथेच असतो. गॅस कोरडा असतो, त्यामुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट (तो बंद होताना जिथे टेकतो ती जागा) लवकर झिजते. सीट झिजली की व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची फट कमी होते. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटमधूनच हेडमध्ये उतरते. ती वाट बंद झाली की कड जळते. फट संपलेली असेल तर मॅन्युअलप्रमाणे सेट करून पुन्हा गेज लावा. नशीब असेल तर तेवढ्यावर भागतं. झटके तसेच राहिले तर कॉम्प्रेशन घ्या, मग त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा घ्या. आकडा वाढला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह, म्हणजे हेड उतरवून सीट कटिंग आणि लॅपिंग (व्हॉल्व्ह सीटवर घासून नीट बसवणं). आणि पुढे टॅपेट तपासायला आवाजाची वाट बघू नका. फट कमी होते तेव्हा इंजिन उलट शांत वाजतं, म्हणून फसायला होतं.

प्रश्न : कसारा घाट चढताना गाडी दम टाकते, सपाटीला ठीक. आयडलला सुई १७ आणि स्थिर.
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : आरपीएम अडीच हजारांवर मिनिटभर धरून ठेवा. सुई आधी सावरून मग हळूहळू तीन-चार इंच उतरत गेली, तर सायलेन्सर किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोंदलाय. खात्रीसाठी पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या जागी प्रेशर गेज लावा. अडीच हजारांवर ३ पीएसआयपेक्षा जास्त दाब नको. कन्व्हर्टर बदलण्याआधी तो का गेला ते शोधा. मिसफायर चालू असेल तर नवाही जाईल.

प्रश्न : हे गेज डिझेल गाडीला चालेल का?
– एक वाचक, ओझर

उत्तर : इंजिनाच्या निदानाला नाही. डिझेलमध्ये जोर हवेवर नव्हे, इंधनाच्या मात्रेवर ठरतो; त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये वाचण्याजोगा व्हॅक्यूमच नसतो. ब्रेक पेडल कडक झालं असेल तर व्हॅक्यूम पंप तपासायला मात्र जरूर लावा.