फ्रान्समध्ये जुन्या मालवाहू बार्जची (सपाट तळाच्या लांबलचक नावांची) हॉटेलं केली आहेत, ती खरंच जुनी असतात का? आणि त्यात राहायला कंटाळा येत नाही का?

जुनी असतात, निदान सांगाडा तरी. आतलं सगळं नवीन. कंटाळ्याचं म्हणाल तर पहिल्या दिवशी दुपारी मला आला होता, नंतर नाही.

मी, बायको आणि मुलगी अशा एका बार्जवर बर्गंडीच्या कालव्यात चार रात्री राहिलो. माझं लहानपण गोव्यात मांडवीच्या काठी गेलं. खनिज भरून मुरगावकडे जाणाऱ्या बार्जेस मोजणं हा आम्हा पोरांचा संध्याकाळचा उद्योग. भरलेली बार्ज पाण्यात इतकी खोल बसायची की आता बुडते की काय असं वाटे, आणि परत येताना तीच रिकामी बार्ज नाक वर करून यायची. त्यामुळे पैसे मोजून बार्जवर झोपायला चाललोय म्हटल्यावर आई बराच वेळ हसत होती.

आता 'जुनी' म्हणजे काय ते सांगतो. १८७९ साली फ्रान्सचे सार्वजनिक बांधकाम मंत्री शार्ल द फ्रेसिने यांनी कायदा करून कालव्यांवरच्या लॉकचं माप ठरवून टाकलं: ३९ मीटर लांब, ५.२० मीटर रुंद. (लॉक म्हणजे दोन दारांमधली पाण्याची कोठडी. नाव आत घ्यायची, दार लावायचं, पाणी भरायचं किंवा सोडायचं, की नाव वरच्या किंवा खालच्या पातळीला पोचते.) माल जास्तीत जास्त मावावा म्हणून बार्ज बांधणाऱ्यांनी त्या कोठडीत जेमतेम शिरेल एवढी नाव काढली: लांबी ३८.५० मीटर, रुंदी ५.०५. हिशेब करा, दोन्ही बाजूंना साडेसात-साडेसात सेंटिमीटर. आमचा कप्तान त्यातून बार्ज आत घालायचा तेव्हा मी पहिले दोन-तीन लॉक श्वास रोखून बघितले. तो मात्र एका हाताने कॉफी पीत होता.

या बार्जमधून धान्य, कोळसा, वाळू जायची, एका खेपेला अडीचशे टनांच्या वर. मालकाचं कुटुंब मागच्या टोकाला दीड खोलीत संसार करायचं, पोरं शाळेसाठी वसतिगृहात. पुढे ट्रक आणि रेल्वेने धंदा खाल्ला. कित्येक बार्ज भंगारात गेल्या, काहींची घरं झाली आणि १९६०च्या दशकापासून काहींची हॉटेलं.

हॉटेल करताना खरी डोकेदुखी खोल्या काढण्याची नसते. मालाच्या कोठारात जागा भरपूर असते. खिडकी मात्र एकही नसते, त्यामुळे पोलादी पत्रा कापून गोल खिडक्या बसवाव्या लागतात. त्याआधी पत्रा कुठे किती झिजलाय ते मोजायचं आणि पातळ झालेल्या जागी नवा पत्रा जोडायचा. पण सगळ्यात मजेदार अडचण वेगळीच. माल गेला म्हणजे वजन गेलं, आणि वजन गेलं की बार्ज वर येते. आमच्या मांडवीवरच्या रिकाम्या बार्जेससारखीच. इथे मात्र वर ठेंगणे दगडी पूल! त्यात छतावर बसायला गच्ची केलेली. म्हणून तळाला मुद्दाम काँक्रीट किंवा लोखंड टाकून तिला पुन्हा खाली बसवतात. म्हणजे पाहुण्यांच्या पायाखाली कायमचा न उतरवलेला माल असतो. हे कळल्यावर मी एकटाच खूश झालो, बायकोला त्यात विशेष काही वाटलं नाही.

सगळ्याच कालव्यांवर ही मापं चालत नाहीत. दक्षिणेतल्या कॅनाल द्यु मिदीवर, जो सतराव्या शतकातला आहे, जुने लॉक साधारण ३० मीटरचे. तिथे आखूड बार्ज लागतात.

राहण्याचं म्हणाल, तर खोली म्हणजे रेल्वेच्या फर्स्ट क्लासच्या कंपार्टमेंटपेक्षा थोडी मोठी. न्हाणीघर इतकं चिमुकलं की साबण पडला तर वाकायच्या आधी दार उघडावं लागे. तिसऱ्या दिवशी सकाळी गरम पाणी गेलं ते दुपारीच आलं. वेग ताशी सहा-सात किलोमीटर. काठावरून सायकलवर जाणारे आजोबा आम्हाला मागे टाकून गेले, वर टोपी काढून नमस्कार करून. बर्गंडीच्या कालव्यावर २४२ किलोमीटरमध्ये १८९ लॉक आहेत. म्हणजे बसल्या जागी जेवणं, गप्पा आणि दर थोड्या वेळाने थांबणं. कंटाळा आला की एका लॉकला उतरायचं, काठाने चालत पुढच्या लॉकला जायचं आणि बार्जची वाट बघायची. आपणच आधी पोचतो. लॉकवाले दुपारी जेवायला जातात तेव्हा सगळं ठप्प. आम्हा गोंयकारांना यात काही गैर वाटलं नाही. रात्री बार्ज हलतच नाही, काठाला बांधून ठेवतात, त्यामुळे बोट लागण्याची भीती नको.

जाणार असाल तर दोन गोष्टी विचारून घ्या. बार्ज खरंच फिरते की एका जागी बांधलेली आहे? दोन्ही प्रकार असतात आणि दरात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. फिरत्या आणि जेवणखाणासकट आठवडाभराच्या चैनीच्या सहली माणशी काही लाखांत जातात. आमची साधी, एक जोडपं चालवत असलेली होती. आणि खोली इंजिनापासून लांबची मागा. इंजिन मागच्या बाजूला असतं, सकाळी ते सुरू झालं की उशीसकट थरथरायला होतं.

शेवटच्या दिवशी मी लॉकचं हँडल फिरवतानाचा फोटो आईला पाठवला. मागे बार्ज उभी होती. तिने फोटो मोठा करून बघितला असावा. उत्तर आलं, "ही रिकामी दिसते."