न्यूमॅटोफोर: त्यातला 'पी' बोलायचा का?

प्रश्न (ऐरोलीहून): मुलीचा नववीचा प्रोजेक्ट खाडीतल्या खारफुटीवर आहे. क्लासचे सर 'प्न्यूमॅटोफोर' म्हणतात, व्हिडिओत 'न्यूमॅटोफोर' ऐकलं, आणि तिने चार्टवर सरळ 'एन'पासून स्पेलिंग सुरू केलंय. बरोबर काय? आणि याचा अर्थ 'मूळ' असाच का?

उत्तर: ताई, लिहायचा आहे पण बोलायचा नाहीये, न्यूमोनियाचं जे तेच इथे. पी-एन-ई-यू-एम-ए-टी-ओ-पी-एच-ओ-आर-ई, पहिला पी गप्प आणि दुसरा एचबरोबर 'फ' होतो. जोर 'न्यू'वर द्या नाहीतर 'मॅ'वर, दोन्ही चालतं. सरांनाही फार हसू नका, ग्रीक आणि फ्रेंच लोक तो 'प' आजही स्वच्छ उच्चारतात, इंग्रजीनेच तो गिळलाय. पण स्पेलिंगमधनं पी उडवू नका, आणि त्यात घाईत 'एन-ई-एम' झालं तर शब्द थेट सूत्रकृमींच्या, म्हणजे नेमॅटोडच्या खानदानात जाऊन बसेल!

शब्दाच्या अर्थामध्ये 'मूळ' कुठेच नाहीये. न्यूमा म्हणजे श्वास, हवा, आणि फोर म्हणजे वाहून नेणारा. मराठीत श्वसनमुळं म्हणतात ते जास्त सोपं आहे, मी तर चार्टवर आधी तेच मोठ्या अक्षरात लिहीन.

तुमच्याकडे खाडीत तिवर, म्हणजे खारफुटीचीच एक जात, भरपूर आहे. ओहोटीला बघा, झाडाभोवती चिखलातनं पेन्सिली उभ्या खोचल्यासारखं काहीतरी वर आलेलं दिसेल, वीतभर उंचीचं, तेच हे. दोन-तीन मीटरच्या झाडालाही अशी १०,००० च्या वर असू शकतात. खालच्या काळ्या चिखलात ऑक्सिजन जवळपास नसतोच (तो सडक्या अंड्यांचा वास त्यातूनच येतो), म्हणून आडव्या पसरलेल्या मुळांना वर तोंड काढावं लागतं. या मुळांच्या सालीवर बारीक छिद्रं असतात. भरतीत ती पाण्याखाली जातात, आतला ऑक्सिजन झाड वापरून टाकतं, कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून जातो, आतला दाब कमी होतो आणि ओहोटीला छिद्रं उघडी पडली की हवा आपोआप आत ओढली जाते. १९५५ मध्ये शोलांडर या शास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी हे मोजून दाखवलं. आता या मुळांवर कोणी डेब्रिजचा ट्रक रिकामा केला तर झाड तोडायची गरजच पडत नाही, ते गुदमरूनच मरतं, आणि आपल्याकडे हे रात्रीत सर्रास चालतं.

चिप्पी ही खारफुटीतलीच दुसरी जात, तिची श्वसनमुळं जाड आणि शंकूसारखी असतात. पांढरी चिप्पी २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष आहे, हे चार्टवर टाकाच. फोटोसाठी ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातल्या लाकडी वाटेवर जा, पण भरतीची वेळ बघून, नाहीतर नुसतं पाणीच दिसेल.

प्रश्न (कोपरीहून): जुहूला पावसाळ्यात निळे फुगे येतात त्यांनाही न्यूमॅटोफोर म्हणतात असं वाचलं. मग ते झाड की प्राणी?

उत्तर: प्राणी. नाव पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर, म्हणजे ब्लू बॉटल. तो जेलीफिशही नाही, अनेक छोट्या जिवांची मिळून एक वसाहत आहे. तिच्या वर तरंगणाऱ्या गॅसच्या फुग्यालाही न्यूमॅटोफोरच म्हणतात, कारण तोही हवा धरून ठेवतो. त्या गॅसमध्ये चक्क कार्बन मोनॉक्साइड असतो. पोरांना फुगा फोडायला देऊ नका, मेलेल्या ब्लू बॉटलचे तुटलेले धागेसुद्धा डंख मारतात.