२१० चं प्रेशर लगेच का उतरवलं नाही?

प्रश्न : तासगावजवळ आमची द्राक्षबाग आहे. छाटणीच्या धांदलीत सासऱ्यांनी (वय ६४) ‘आता बरं वाटतंय’ म्हणून प्रेशरची गोळी सोडली. एका पहाटे दम लागला, आडवं होता येईना. मिरजेला नेलं तेव्हा प्रेशर २१०/१२०. छातीत पाणी झालंय म्हणाले. तासाभरानं १६० होतं, तरी डॉक्टर ‘ठीक आहे’ म्हणाले. दीर अजून म्हणतात, हयगय झाली. शेजाऱ्यांनी जिभेखाली फोडायची कॅप्सूल देऊ केली होती. ती द्यायला हवी होती का?
– एक वाचक

उत्तर : ताई, दिरांना सांगा, हयगय नाही झाली. २१० वरून १६० म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा उतरला, आणि पहिल्या तासाभरात साधारण एवढाच उतरवतात. वर्षानुवर्षं चढ्या दाबाला सरावलेल्या मेंदूचा रक्तपुरवठा दाब एकदम पाडला तर तुटतो, अर्धांगवायू होऊ शकतो. हृदयाला स्वतःचं रक्त मिळतं ते मुख्यतः दोन ठोक्यांच्या मध्ये, खालच्या आकड्याच्या जोरावर. तो कोसळला की तेच उपाशी. महाधमनीला, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीला, चीर गेली असेल तर मात्र गोष्ट वेगळी. छाती-पाठीत फाडल्यासारखी कळ येते, आणि तिथं वरचा आकडा झपाट्यानं १२० पर्यंत आणावाच लागतो.

सासऱ्यांसारखं छातीत पाणी झालं की सलाईनमधून बहुधा नायट्रोग्लिसरीन देतात. शिरा सैल पडतात, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, दम उतरतो. जोडीला लघवी होण्याचं इंजेक्शन. ‘पाणी सुईनं का नाही काढलं?’ हे मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच! हे पाणी फुफ्फुसाच्या आत मुरलेलं असतं, ते लघवीवाटेच जातं.

शेजाऱ्यांची कॅप्सूल दिली नाहीत ते उत्तम केलंत. ती बहुधा निफेडिपिनची, म्हणजे प्रेशर उतरवणाऱ्या औषधाची. एके काळी आम्ही डॉक्टरही ती सर्रास द्यायचो. पण तिनं दाब किती कोसळेल याचा नेम नाही. त्यातून हार्ट अटॅक आल्याच्या नोंदी आहेत. पुन्हा असा दम लागला तर पाय खाली सोडून ताठ बसवा आणि १०८ ला फोन करा. झोपवू नका, पाणी पाजत बसू नका.

आणखी एक बघा. सासरे गुडघ्यांसाठी दुकानातून डायक्लोफिनॅकसारख्या दुखण्यावरच्या गोळ्या आणून घेतात का? बागेत राबणाऱ्यांच्या खिशात त्या हमखास सापडतात. त्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, प्रेशर चढवतात. घेत असतील तर पुढच्या तपासणीला ती पट्टी सोबत न्या आणि डॉक्टरांना दाखवा.